सोनं की बिटकॉइन? आधी दागिना की वेढणी ते ठरवा

पत्र : मी शिरवळच्या कारखान्यात स्टोअर्सला आहे, वय ४७, राहायला धायरीला. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीतून ९ लाख रुपये हाती आले आहेत. मुलगी बारावीला आहे. पुढच्या वर्षापासून कॉलेजची फी, आणि सहा-सात वर्षांत लग्न. पत्नी म्हणते, लक्ष्मी रोडला जाऊन सोनं घेऊन टाका. हिंजवडीतला भाचा म्हणतो, मामा, बिटकॉइन हेच आताचं सोनं, सगळे तिकडे टाका. बँकेतला माणूस डिजिटल रुपयाचं ॲप घ्या म्हणून मागे लागलाय. शिवाय एका ॲपवर थोडं थोडं करत ४० हजारांचं डिजिटल सोनं जमलंय. मला जुगार खेळायचा नाही, पैशाची किंमत टिकवायची आहे. काय करावं? — एक वाचक, धायरी

नमस्कार,

बँकेतल्या माणसाचा डिजिटल रुपया आधी बाजूला काढू, कारण तो या शर्यतीत नाहीच. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणलेला ई-रुपया म्हणजे तुमच्या पाकिटातली नोटच, फक्त मोबाइलमध्ये. त्यावर व्याज नाही. आज १०० रुपये ठेवले तर सहा वर्षांनी १००च निघणार, आणि तोवर महागाईने किती खाल्ले ते वाण्याच्या बिलावर कळणार. दूधवाल्याला द्यायला ठीक आहे, साठवायला नाही.

भाच्याचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर जाणार नाही, हे त्याच्या नियमातच बसवलेलं आहे. दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे बिटकॉइनच्या वहीतलं व्यवहारांचं एक पान), म्हणजे साधारण चार वर्षांनी, नव्या नाण्यांचा वेग निम्मा होतो. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ नाणी निघतात, दिवसाला सुमारे ४५०. वर्षाची भर एकूण साठ्याच्या १ टक्क्याच्याही आत. सोन्याचं बघा: आजवर खाणीतून निघालेलं सोनं २ लाख टनांवर आहे आणि दर वर्षी खाणी त्यात साडेतीन हजार टनांच्या आसपास भर घालतात, म्हणजे दीड ते पावणेदोन टक्के. निव्वळ टंचाईत भाचा जिंकला.

पण टंचाई असली म्हणजे भाव स्थिर राहतो असं नाही. भाव मागणीवरही ठरतो, आणि दोन्हीकडे मागणी करणारी माणसं निराळी आहेत. सोन्याचा भाव पडला की लग्नघरची मंडळी पेढीवर गर्दी करतात, मध्यवर्ती बँका खरेदी करतात (२०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांची मिळून खरेदी दर वर्षी हजार टनांवर होती, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेकडेच सुमारे ८८० टन आहे). ही मागणी पडत्या भावाला खालून टेकू देते. बिटकॉइनमध्ये मोठी मागणी ‘वर जाईल’ या आशेवरची, आणि त्यातली बरीचशी उधारीच्या पैशांवर. भाव जरा घसरला की उधारीवरचे सौदे आपोआप कापले जातात, त्या विक्रीने भाव आणखी घसरतो, मग आणखी सौदे कापले जातात. मार्च २०२० मध्ये कोविडच्या धसक्याने तो दोन दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, तो वर्षभरात १६ हजारांच्या खाली गेला. लाखाचे चोवीस हजारही राहिले नाहीत. पुढे तो सावरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये १ लाख डॉलर ओलांडून गेला, हेही खरं. पण मुलीच्या फीची पावती ज्या जुलैत फाडायची, त्याच जुलैत तो सावरलेला असेल याची हमी भाचा देणार आहे का?

आता सोन्याची बाजू घेणाऱ्यांनी जे सहसा सांगितलं जात नाही तेही ऐकावं. जागतिक बाजारात २०११ ला १,९०० डॉलरवर गेलेलं सोनं २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या आसपास आलं होतं. रुपया घसरल्यामुळे आपल्याकडे तेवढं जाणवलं नाही, एवढंच. आपल्याकडे २०१२ मध्ये तोळा ३१ हजारांच्या घरात होता आणि २०१८ मध्येही ३१ हजारांच्याच घरात. मधली सहा वर्षं शून्य, आणि त्याच काळात मुदत ठेवीवर ७-८ टक्के व्याज मिळत होतं. अलीकडच्या तेजीने सगळ्यांची स्मरणशक्ती अधू केली आहे. सोनं डुबत नाही हे बरोबर. झोपतं मात्र, आणि चांगलं सहा-सहा वर्षं.

त्यामुळे तुमच्यासाठी खरा प्रश्न सोनं की बिटकॉइन हा नाहीच. शिरताना किती पैसे जातात, निघताना किती जातात, मधल्या काळात वस्तू कोणाच्या ताब्यात असते आणि तुम्ही नसताना ती घरच्यांच्या हाती येते का, हे चार प्रश्न विचारा. ते विचारले की सोन्या-सोन्यातच इतका फरक निघतो की बिटकॉइनचा वाद मागे पडतो.

आकडेमोड सोपी जावी म्हणून शुद्ध सोन्याचा भाव तोळ्याला, म्हणजे १० ग्रॅमला, १ लाख धरू. हा आजचा भाव नव्हे. २२ कॅरेटचा एक तोळ्याचा हार घेतला. सोन्याची किंमत ९१,६००. घडणावळ १२ टक्के धरली तर १०,९९२. या बेरजेवर ३ टक्के जीएसटी ३,०७८. हॉलमार्कचे ४५ रुपये आणि त्यावरचा कर वेगळा. बिल १ लाख ५ हजार ७०० च्या वर गेलं. तोच हार दुसऱ्या दिवशी मोडीत घातला तर घडणावळ गेली, जीएसटी गेला, वर दोन-अडीच टक्के घट धरली की हातात ८९,३००. म्हणजे चोवीस तासांत साडेपंधरा टक्के गेले. सोन्याचा भाव सुमारे १८ टक्के वाढेल तेव्हा कुठे तुम्ही मुद्दलावर येणार. नक्षीकामाच्या किंवा टेंपल दागिन्यात घडणावळ २० टक्क्यांवरही जाते, तिथे हिशेब आणखी बिघडतो.

तेच पैसे वेढणीत, म्हणजे चोख सोन्याच्या साध्या, बिननक्षीच्या वळ्यात, घातले तर? मजुरी नाममात्र, ५०० रुपये धरू. १,००,५०० वर ३ टक्के जीएसटी, एकूण १,०३,५१५. परत देताना चोख वेढणीला बहुतेक पेढ्या भावाच्या जवळपास रक्कम देतात. १ टक्का कमी धरला तर ९९,०००. तोटा साडेचार टक्क्यांच्या आत. गुरुपुष्याला वेढणी घ्यायची आपल्या आयांची पद्धत नुसती मुहूर्तापुरती नव्हती, त्यामागे हा हिशेब होता. बँकेतून मिळणारं सीलबंद नाणं मात्र टाळा. विकताना त्यावर भावापेक्षा जास्त घेतात, आणि बँका ते परत विकत घेत नाहीत. शेवटी जायचं सराफाकडेच.

गोल्ड ईटीएफ म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारी, सोन्याच्या भावाशी बांधलेली फंडाची युनिटं. त्यात घडणावळ नाही, युनिट घेताना जीएसटी नाही. दलालीचे काही रुपये आणि फंडाचा वार्षिक खर्च, तो अर्धा टक्का धरला तर सहा वर्षांत ३ टक्के. लॉकर लागत नाही, नॉमिनी असतो, आणि विकल्यावर कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी पैसे खात्यात येतात. अडचण एकच: अडीअडचणीला त्यावर सोनेतारण कर्ज मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार तारण कर्ज मिळतं ते दागिने आणि ठरावीक वजनापर्यंतची नाणी यांच्यावरच. बिस्कीट, लगडी आणि सोन्याचे ईटीएफ चालत नाहीत. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. म्हणून घरात आधीपासून असलेले पत्नीचे दागिने हीच तुमची आणीबाणीची सोय समजा, ते मोडू नका. वेढणीवर तारण देतात का, हे ज्या बँकेत खातं आहे तिथे खरेदीच्या आधीच विचारून घ्या.

सरकारी सुवर्णरोखे या सगळ्यांत सरस होते, सोन्याच्या भाववाढीशिवाय वर्षाला २.५ टक्के व्याज वेगळं मिळायचं. पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आलेली नाही. बाजारात जुने रोखे मिळतात, मात्र रोजची उलाढाल इतकी थोडी की हवे तेव्हा विकता येतीलच असं नाही. तुम्ही त्यात पडू नका.

आता बिटकॉइनचा कर. भाचा हा भाग सांगायचा राहिला असणार. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. पाच वर्षं ठेवा नाहीतर पाच दिवस, दर तोच. पत्नीचं उत्पन्न शून्य आहे म्हणून तिच्या नावावर घेऊन फायदा नाही. या नफ्याला मूळ करमुक्त मर्यादा लागू होत नाही, शिवाय पैसे तुमचे असल्याने तो नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. लाखाचे दोन लाख झाले तर बिटकॉइनवर कर ३१,२००. तोच नफा वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या ईटीएफवर झाला तर १२.५ टक्क्यांनी, उपकरासकट, १३,०००. वेढणी-दागिन्याला हाच साडेबाराचा दर, पण दोन वर्षं ठेवल्यावर. त्याआधी विकलं तर नफा उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याने कर. आणि जुनं मोडून नवं केलं तरी कराच्या दृष्टीने ती विक्रीच, तेव्हा खरेदीची बिलं जपून ठेवा.

खरी मेख तोट्यात आहे. समजा बिटकॉइनमध्ये १ लाख नफा झाला आणि त्याच वर्षी भाच्याने सुचवलेल्या दुसऱ्या कुठल्या नाण्यात ८० हजार तोटा. हातात उरले २० हजार. कर मात्र पुऱ्या १ लाखावर, ३१,२००. कारण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. कमावलेल्यापेक्षा कर जास्त, असं दुसरीकडे सहसा होत नाही. प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएसही, म्हणजे जागच्या जागी आगाऊ कर, कापला जातो. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो, पण त्यामुळे व्यवहार खात्याला आधीच माहीत असतो. विवरणपत्रात क्रिप्टोचं स्वतंत्र परिशिष्ट आहे, ते कोरं सोडलं तर नोटीस येऊ शकते.

ताब्याचा प्रश्न याहून अवघड. एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, ॲपवर जे नाणं दिसतं ते एक्स्चेंजच्या वहीत तुमच्या नावापुढे लिहिलेला आकडा असतो. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांची खाती वर्षाहून अधिक काळ अडकली. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही. यावर उपाय म्हणजे नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये (मोबाइलवरचं ॲप किंवा त्यासाठीचं छोटं यंत्र) काढून घेणं. काही ॲप तसं काढूच देत नाहीत, म्हणून खातं उघडण्याआधी ही सोय तपासा. वॉलेट सुरू करताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. ते शब्द म्हणजेच पैसे. यंत्र हरवलं तरी शब्दांवरून सगळं परत मिळतं, शब्द हरवले तर कोणाकडेही दाद मागता येत नाही. ते शब्द कागदावर हाताने, क्रमाने लिहा, मोबाइलने फोटो काढू नका. फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि तिथूनच चोरी होते. मग आधी हजार-दोन हजारांचंच नाणं पाठवा, वॉलेट पुसून टाका, कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. रक्कम दिसली तरच बाकीची पाठवा. हा सराव बहुतेक जण टाळतात, आणि मग सहाव्या शब्दाचं स्पेलिंग चुकलंय हे तीन वर्षांनी कळतं. यंत्राच्या खोक्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते यंत्र फसवणुकीचं आहे, परत करा.

आणि हे सगळं तुमच्या पश्चात पत्नीला करता येईल का? लॉकरला नॉमिनी असतो, ईटीएफला असतो. बारा शब्दांना नॉमिनी नसतो. कागद कुठे आहे आणि त्याचं काय करायचं हे तिला आज सांगावं लागेल, आणि ज्याला शब्द कळले तो रक्कम नेऊ शकतो, हेही लक्षात ठेवून.

दोन सापळे. ‘थेट माणसाला विका, टीडीएस वाचेल’ असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. समोरून येणारे पैसे कुठल्यातरी सायबर फसवणुकीतले निघतात, तक्रार होते, आणि पोलिसांच्या सूचनेवरून तुमचं बँक खातं गोठतं. पगाराचं खातं असेल तर हप्ते, फी, सगळंच थांबतं. दुसरा सापळा ठरलेल्या परताव्याचा. महिना १० टक्के, १८ महिने, अशा आश्वासनावर उभी राहिलेली गेनबिटकॉइन योजना २०१७ पासून कोसळू लागली आणि तिचे गुन्हे आपल्या पुण्यातही दाखल झाले. नाणं खरं होतं, योजना खोटी होती. असं काही घडलंच तर १९३० या क्रमांकावर लगेच, त्याच तासाला कळवा.

तर तुमचे ९ लाख. साडेचार लाख मुदत ठेवींत, एकच मोठी न करता चार तुकड्यांत, प्रत्येक तुकडा एकेका जूनमध्ये पिकेल असा. ही फी आहे, हिच्याशी सोन्याचा किंवा बिटकॉइनचा संबंध नको. तीन लाख गोल्ड ईटीएफमध्ये, एकदम नव्हे, दहा महिने दरमहा ३० हजार. लग्नात पाच तोळे घालायचे ठरलेच असेल तर तुमचं देणं सोन्यातच आहे, आणि सोन्यातलं देणं सोन्यातच साठवावं. सहा वर्षांनी भाव चढला तर तुमचे युनिटही चढलेले असतील. पत्नीचं म्हणणं इथे बरोबर आहे, फक्त दागिना आज नको. आज घडवलेला हार मुलगी तेव्हा घालेलच असं नाही, आणि तो मोडला की वरचं साडेपंधरा टक्क्यांचं गणित लागू. ईटीएफ निवडताना रोजची उलाढाल आणि खर्चाचं प्रमाण बघा, आणि ऑर्डर नेहमी लिमिटची, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाच्या वर न जाणारी, टाका. सोनं उसळलेल्या दिवशी ईटीएफ आपल्या खऱ्या मूल्यापेक्षा महाग विकला जातो, त्या दिवशी थांबा.

लाखभराची वेढणी घरच्या समाधानासाठी. आजच्या भावात ती तोळाभरही भरणार नाही, असू दे. घेताना एचयूआयडीचा, म्हणजे हॉलमार्कसोबत वस्तूवर कोरलेला, सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा माल विकता येत नाही. क्रमांक टाकल्यावर दिसणारी शुद्धता आणि वस्तूचा प्रकार तुमच्या हातातल्या वस्तूशी जुळला पाहिजे. पुढे मंगळसूत्र घ्याल तेव्हा बिलावर काळ्या मण्यांचं वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर मणी सोन्याच्या भावाने घेतले जातात. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम सराफ रोखीने घेऊच शकत नाही, तेव्हा तशी सवलत कोणी देऊ केली तर दुकान बदला. लॉकर असेल तर एक हिशेब डोक्यात ठेवा: चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच. भाडं २,००० असेल तर कमाल २ लाख. आत किती ठेवायचं ते त्यावरून ठरवा. पेढीची अकरा महिन्यांची भिशी नको. ती म्हणजे सराफाला दिलेलं बिनतारण कर्ज आहे, आणि भिशीचे पैसे अडकवून पेढीला कुलूप लागल्याचं पुण्याने पाहिलंय.

उरले ५० हजार. भाच्याचा मान राखायचा असेल तर तेवढे बिटकॉइनमध्ये जाऊ द्या, फक्त बिटकॉइनमध्ये, आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरूनच. ते १२ हजारांवर आले तरी विकावे लागणार नाहीत असे पैसे हवेत. इतक्या रकमेसाठी महागडं हार्डवेअर वॉलेट घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मोबाइलवरचं साधं, स्वतःच्या ताब्यातलं वॉलेट आणि नीट लिहिलेला कागद पुरे. तेवढीही खटपट नको असेल तर हे ५० हजार मुदत ठेवीत टाका, काही बिघडत नाही.

राहिलं ॲपवरचं ४० हजारांचं सोनं. दरमहाची कपात आज बंद करा. या प्रकारावर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, देखरेख नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीने लोकांना तसा जाहीर इशाराही दिला आहे. एकाच क्षणी ॲपचा खरेदीभाव आणि विक्रीभाव शेजारी-शेजारी लिहा. जीएसटी धरून पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज निघतो. तो गेलेला आहे, त्यासाठी अडून बसू नका. सुरुवातीच्या खरेदीला दोन वर्षं झाली असतील तर तेवढे ग्रॅम आधी विका, बाकीचे जसजशी दोन वर्षं भरतील तसे. नाणं घरपोच मागवण्याच्या भानगडीत पडू नका, त्यावर घडणावळ आणि पोचवण्याचा खर्च निराळा लागतो. ॲपमधून सगळ्या खरेद्यांचं स्टेटमेंट मात्र आजच उतरवून घ्या. ॲप बंद पडलं तर खरेदीची तारीख आणि किंमत सिद्ध करायला दुसरं काही हाती राहणार नाही.